हात कोरडे, बैठक ओली

शुक्रवारी सकाळी लायल हस्केट न्याहारीचे पॅनकेक भाजत असताना फोन वाजला. त्याच्या बायकोने, रोंडाने, तो उचलला, दोन क्षण ऐकला आणि हात लांब करून लायलच्या कानाजवळ धरला.

"क्लिफर्ड आहे," ती म्हणाली. "ओरडतोय. पण आनंदाने."

"लायल! सोफा हो म्हणतोय!" फोनमधून आवाज आला. "बैठक ओली, हात कोरडे! आत्ताच पुलावरून बघून येतोय. उद्या सकाळी नऊला निघायचं. आणि ऐक, नोरीनसुद्धा येणार. ती म्हणालीच होती ना, व्हर्नच्या वाढदिवसाला सोफ्याने कौल दिला तर त्याच्या कयाकमध्ये बसेन म्हणून? दिला कौल!"

लायलने हवेत उडवलेला पॅनकेक तव्यावर परत आला नाही. तो शेगडीच्या मागे गेला.

"काय झालं?" रोंडाने विचारलं.

"काही नाही. पॅनकेक निसटला."

"पॅनकेक एकटा नाही निसटलेला. आरशात बघ जरा."

लिटल हॅरो नदीत, ड्रायडेल गावच्या पुलाखाली, काठापासून चार पावलांवर एक दगड आहे. त्याला पाठ आहे, बैठक आहे आणि दोन्ही बाजूंना हात आहेत, म्हणून तो सोफा. नदीचं पाणी मोजणारं सरकारी यंत्र आहे, नाही असं नाही, पण ते तीस मैल खाली, वाटेत आणखी दोन नद्या येऊन मिळाल्यावर. तिथला आकडा बघून इथे पाण्यात उतरणं म्हणजे शेजाऱ्याचा ताप बघून आपण गोळी घेणं. म्हणून ड्रायडेलचा कयाकवाल्यांचा, म्हणजे हवा भरून फुगवायच्या लहान होड्या वल्हवणाऱ्यांचा, क्लब सोफ्यावर चालतो. नियम घालून दिले क्लबाच्या संस्थापकाने, व्हर्न टॉलिव्हरने, आणि गावातलं शेंबडं पोरही ते घडाघडा म्हणून दाखवतं. बैठक कोरडी असेल तर घरी जाऊन अंगणातलं गवत कापा. बैठक ओली नि हात कोरडे असतील तर कयाक फुगवा. हात ओले असतील तर मोठी होडी आणि छोटा मेंदू असलेल्यांनी जावं. पाठ बुडाली असेल तर पुलावर उभं राहून टोपी काढावी.

व्हर्नला जाऊन दोन वर्षं झाली होती. पुलाच्या कठड्यावर त्याच्या नावाची पितळी पाटी होती आणि तिच्यावर दोनच शब्द होते: 'सोफ्याला विचारा.'

आता एवढं सगळं जुळून आलेलं असताना अडचण एकच होती. सोफा खोटं बोलत होता, आणि हे जगात फक्त लायलला ठाऊक होतं.

झालं होतं असं. फेब्रुवारीच्या पुरात देवदाराचं एक भलंमोठं खोड वाहत आलं आणि पुलाच्या खांबाला अडकलं. लायल काउंटीच्या रस्ते खात्यात पोकलेन चालवतो. खोड काढायचं काम त्याच्याकडे आलं, आणि कामाबरोबर लेखी ताकीदही आली, की यंत्र रस्त्यावरच राहील, नदीत उतरणार नाही, कारण ते दिवस मासे अंडी घालायचे. पोकलेनचा हात चार फूट कमी पडला. लायलने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि यंत्र चार फूट खाली घातलं. खोड निघालं. खोडाबरोबर सोफाही निघाला आणि उताणा पडला.

लायलने लगेच सोफा उचलून परत जागेवर ठेवायला घेतला, तर तेवढ्यात पुराने आणलेले गोटे घसरून ती जागा भरून गेलेली. शेजारीच खडकाचा एक सपाट ओटा होता. त्यावर त्याने तो अलगद बसवला, तोंड नीट नदीकडे केलं, आणि लांबून डोळे बारीक करून पाहिलं. कुणाला शंकाही आली नसती. पण लायलने टेप लावून मोजलं होतं. सोफा आधीपेक्षा दीड फूट उंच बसला होता.

म्हणजे सोफा जेव्हा 'या, बसा' म्हणेल, तेव्हा नदी 'या तर खरं, बघतेच' म्हणत असणार. हे सांगून टाकावं असं लायलला फेब्रुवारीत वाटलं, मार्चमध्ये वाटलं, एप्रिलमध्ये तर रोज वाटलं. पण सांगायचं म्हणजे यंत्र नदीत घातल्याचंही सांगायचं, आणि ते सांगितलं की नोकरी गेली. मे महिनाभर बर्फाच्या पाण्याने सोफ्याचे हात ओलेच राहिले, कुणी पाण्यात उतरलं नाही, आणि लायल निवांत झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ उघडायला आता एकच दिवस उरला होता.

आणि पाण्यात कोण उतरणार, तर नोरीन टॉलिव्हर. वय एकाहत्तर. नोरीनबाईंनी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. लायलसकट अर्धं गाव त्यांच्या बसमधल्या आरशाला भिऊन मोठं झालेलं. नवरा, व्हर्न, जन्मभर नदीत डुंबत राहिला, पण बाई एकदाही होडीत बसल्या नव्हत्या. आता पहिल्यांदाच बसणार, त्याही एका दगडाच्या भरवशावर, आणि तो दगड लायलने बिघडवलेला.

न्याहारी तशीच टाकून लायलने क्लिफर्डला उलटा फोन लावला. क्लिफर्ड पेजेट हा क्लबाचा अध्यक्ष. निवृत्त पोस्टमास्तर. गळ्यात शिट्टी कायमची, झोपताना काढतो की नाही हे गावाला माहीत नव्हतं.

"क्लिफर्ड, मी काय म्हणतो, उद्या ऊन कडक आहे. डोंगरावरचं बर्फ वितळणार. पाणी चढेल."

"बर्फाचं पाणी इथे पोचायला संध्याकाळ होते, लायल. आपण दुपारी दोनला जेवत असू."

"पण मला जरा..."

"तुला जरा काय? सोफा काय म्हणतो ते महत्त्वाचं. सोफा हवामानाच्या बातम्या बघत नाही." आणि त्याने फोन ठेवला.

मग लायलने नोरीनबाईंना फोन केला. सेहेचाळीस वर्षांचा हा माणूस त्यांच्याशी बोलताना अजून खुर्चीतून उठून उभा राहत असे.

"मिसेस टॉलिव्हर, मी लायल. व्हर्नची कयाक दोन वर्षं गॅरेजमध्ये पडून आहे. हवा धरणार नाही हो ती. उंदीर लागतात अशा वस्तूंना."

"बुधवारी दिवाणखान्यात फुगवून ठेवलीय मी," नोरीनबाई म्हणाल्या. "तेव्हापासून टीव्ही तिच्यातच बसून बघते. टिचभरही हवा गेलेली नाही. अजून काही?"

"नाही, बाई."

"मग खाली बस, लायल. उभा आहेस ना?"

लायल बसला.

त्या दिवशी कामाला सुट्टी होती. दिवसभर त्याने घरामागचं गवत कापलं. तिसऱ्यांदा कापायला लागला तेव्हा रोंडाने यंत्राची वायरच उपटली आणि त्याला स्वयंपाकघरात आणून बसवलं. संध्याकाळच्या जेवणाला मक्याची कणसं होती. अर्ध्या कणसात लायलने सगळं ओकून टाकलं. रोंडाने शांतपणे ऐकून घेतलं.

"सांगून टाक," ती म्हणाली.

"नोकरी जाईल."

"नोकरी गेली तर दुसरी मिळेल. म्हातारी गेली तर दुसरी नाही मिळत."

"मी काहीतरी करतो ना."

"तू काहीतरी केलंस म्हणूनच आपण इथवर आलोय," रोंडा म्हणाली आणि त्याच्या ताटातलं उरलेलं कणीस उचलून घेतलं.

शनिवारी सकाळी साडेसातला लायल पुलाखाली गुडघाभर पाण्यात उभा होता, हातात बादली घेऊन. युक्ती साधी होती. सोफ्याचे हात कोरडे आहेत ना? मग ते ओले करायचे. नऊ वाजता मंडळी पुलावर येतील, वाकून बघतील, हात ओले दिसतील, आणि सगळे मुकाट्याने घरी जातील. पण जूनचं ऊन कुणाच्या बापाचं ऐकत नाही. डावा हात भिजवून होईपर्यंत उजवा सुकायचा. उजव्याकडे जावं तर डावा पुन्हा पांढरा. लायलने गती वाढवली. तासाभरात त्याची कंबर धरली, बुटात वाळू गेली, आणि धापा टाकायला तो जरासा थांबला तेव्हा वरून आवाज आला.

"लायल? काय करतोयस तू?"

पुलाच्या कठड्यावर क्लिफर्ड होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना क्लबाची सगळी तेरा डोकी. आज व्हर्नचा वाढदिवस म्हणून सगळे अर्धा तास आधीच आले होते.

लायलने बादलीकडे पाहिलं. सोफ्याकडे पाहिलं.

"धुतोय," तो म्हणाला.

"काय?"

"सोफा. व्हर्नचा वाढदिवस ना... म्हटलं, स्वच्छ असावा."

पुलावर एकाने टोपी काढली. त्याचं बघून बाकीच्यांनी काढल्या. क्लिफर्डने नाक शिंकरलं. मग "आपल्यापैकी एकाला तरी सुचलं!" असं म्हणत मंडळी धडाधड खाली उतरली. कुणी गाडीतला स्पंज आणला, कुणी ब्रश. सोफ्यावरचं तीन महिन्यांचं शेवाळ खरवडून निघालं. शेवटी नोरीनबाई स्वतःचा टॉवेल घेऊन आल्या आणि दोन्ही हात त्यांनी असे खसाखसा पुसले, की इतके कोरडे ते दुष्काळातही झाले नसतील.

"आजपासून लायल हस्केट सोफ्याचा राखणदार!" क्लिफर्डने शिट्टी फुंकून जाहीर केलं. टाळ्या झाल्या. लायलला वाटलं, आत्ताच नदीने पोटात घ्यावं.

पण तेवढ्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. राखणदार झालोच आहोत, तर अधिकार वापरू.

"मग राखणदार म्हणून सांगतो," तो घसा खाकरून म्हणाला, "आज नको जायला."

"कारण?"

"मला बरं नाही वाटत. म्हणजे पाणी. पाणी बरं नाही वाटत."

क्लिफर्डने सोफ्याकडे बोट दाखवलं. बैठकीवरून चार बोटं पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात उन्हात लखलखत होते. "तुझ्या वाटण्यापायी व्हर्नचा सोफा सोडून द्यायचा का? मग पुढच्या आठवड्यात आणखी कुणाला काही वाटेल. क्लब बुडायला किती वेळ लागतो?"

आता मात्र पळवाट उरली नव्हती. लायलने डोळे मिटले. "ऐका," तो म्हणाला, "फेब्रुवारीत मी..."

"लायल," नोरीनबाई म्हणाल्या. "तोंड मीट आणि जॅकेट घाल. नऊ वाजलेत."

सव्वीस वर्षांत ती बस एकदाही उशिरा सुटली नव्हती. लायलने तोंड मिटलं आणि जॅकेट घातलं. त्याला एवढंच करता आलं, की व्हर्नच्या पिवळ्या कयाकमध्ये मागची जागा त्याने पकडली. मरायचंच तर दोघं मिळून, असा काहीसा त्याचा विचार होता. तो नोरीनबाईंना सांगितला नाही.

ड्रायडेलच्या क्लबाबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी. होडी चालवण्यात या मंडळींचा हातखंडा होता असं म्हणवत नाही. त्यांचा हातखंडा ठिगळं लावण्यात होता. लिटल हॅरोवर ठिगळाशिवाय घरी आलेली कयाक कुणी पाहिलीच नव्हती. प्रत्येकाकडे तीन प्रकारचे गोंद, आणि कुठला गोंद कुठल्या भोकाला यावर जेवताना वादावादी. अर्ध्या अर्ध्या मैलावर उतरायचं आणि बैल ओढत न्यावा तशी कयाक दोरीने गोट्यांवरून ओढायची. 'किसणी' नावाचा खळाळ होता, तिथे तर बसलेल्या माणसाचं बूड खालून सोलून निघायचं. याचंच नाव नदीवर जाणं, अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत होती. परगावचे पाहुणे एकदा येत आणि पुन्हा येत नसत. ते लोक नाजूक असतात, असं क्लिफर्ड म्हणायचा.

तर कयाक पाण्यात ढकलली आणि पहिल्याच वळणावर लायलला जाणवलं, की नदी आज वेगळीच आहे. ओढ होती. तळाचे गोटे दिसत नव्हते. पाणी हिरवंगार, भरलेलं, आणि कयाकला खालून कुणी तळहातावर उचलून धरल्यासारखं.

"डावीकडे," नोरीनबाई पुढून म्हणाल्या.

"बाई, मी बघतोय ना..."

"बघतोयस तर वळव! समोर खडक आहे तो काय हॉर्न देणार आहे?"

कयाक वळली. खडक बाजूने गेला. दुसरा आला, तिसरा आला. नोरीनबाईंना वल्हं कसं धरतात ते माहीत नव्हतं, पण समोरून काय येतंय हे त्यांना दहा सेकंद आधी कळत होतं. "उजवीकडे घे. आता सरळ. वेग धर, वळणावर वेग सोडायचा नसतो. शाबास." लायल मागून जीव खाऊन वल्हवत होता. मनातल्या मनात तो काउंटीपुढे, क्लबापुढे आणि देवापुढे जबानी देत होता. त्यातली देवापुढची सगळ्यात लांबली होती.

मग किसणी आली. दरवर्षी जिथे सगळे खाली उतरून एकमेकांना शिव्या देत, तिथे आज कमरेएवढ्या लाटांची पांढरी रांग लागली होती. लायलची पाचावर धारण बसली.

"मिसेस टॉलिव्हर! मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय! फार महत्त्वाचं!"

"चालू गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नाही!" नोरीनबाई ओरडल्या, आणि कयाक पहिल्या लाटेवर चढली.

चढली आणि उतरली. पुन्हा चढली आणि पुन्हा उतरली. पाण्याचा एक अख्खा हंडा नोरीनबाईंच्या तोंडावर आदळला. पाच लाटा, सहा लाटा, आणि एकदम सगळं शांत. ते दोघं खालच्या संथ डोहात गोल गोल फिरत होते. बूड शाबूत. कयाकला ओरखडासुद्धा नाही. मागून एकामागून एक बाकीचे आले, आणि त्यांच्या तोंडून जे आवाज निघत होते ते त्या वयाच्या माणसांना शोभणारे नव्हते. क्लिफर्ड शेवटच्या लाटेवर उलटला. आधी त्याची टोपी वर आली, मग शिट्टीचा आवाज, मग तो. हसत होता.

"काय झालंय आपल्याला?" तो पाण्यातूनच ओरडला. "अरे, आपल्याला येतं की हे!"

लायलला काही कळेना. पाणी सोफ्याच्या जुन्या मापाने हात बुडवून वर गेलेलं असणार, यात शंका नव्हती. या पाण्यात मोठी होडी आणि छोटा मेंदू असलेल्यांनी जायचं, असा नियम. मग आपण जिवंत कसे? त्याने पुढे पाहिलं. नोरीनबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या, ओल्याचिंब, आणि त्यांचे खांदे हलत होते. बाई रडतायत की हसतायत हे मागून समजायला मार्ग नव्हता, आणि विचारायची त्याची छाती झाली नाही.

दुपारी दोनच्या आत सगळे खालच्या वाळूवर लागले. एरवी इथे पोचायला चार वाजत. कुणीतरी गोंदाच्या बाटल्या सवयीने काढल्या आणि काय करायचं ते न कळून परत ठेवल्या. मंडळी सँडविचवर तुटून पडली. नोरीनबाई जरा लांब, एका ओंडक्यावर बसून मोजे पिळत होत्या. लायल त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. उभा राहूनच त्याने सगळं सांगितलं. खोड, चार फूट, माशांची अंडी, उताणा सोफा, दीड फूट, बादली. सांगताना त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा चिरकायला लागला.

"तुमच्या जिवाशी खेळलो मी," तो म्हणाला. "नोकरीपायी. लाज वाटते मला. सोमवारी खात्यात जाऊन स्वतः सांगतो. पण आधी तुम्हाला सांगायचं होतं."

नोरीनबाईंनी मोजा पिळायचा थांबवला. "कुठे ठेवलास म्हणालास तो?"

"शेजारी. ओट्यावर."

"सपाट ओटा? पुलाच्या खांबाला लागून आहे तो?"

"हो, तोच."

नोरीनबाईंनी ओंडक्यावर शेजारी थाप मारली. "बस."

लायल बसला.

"एकोणनव्वद साली," त्या म्हणाल्या, "जुलैत, क्लबाचा पहिला मोठा मेळावा ठेवला होता व्हर्नने. चाळीस माणसं येणार होती, पार वॉशिंग्टनकडून. चाळीस माणसांचं बटाट्याचं सॅलड केलं होतं मी. एकटीने. दोन दिवस सोलत होते. आणि आदल्या दिवशी सोफ्याची बैठक कोरडी ठणठणीत. व्हर्न म्हणाला, रद्द करावं लागेल. मी म्हटलं, व्हर्न, हे सॅलड मी नदीत ओतणार नाही, त्यापेक्षा तुला ओतेन."

"मग?"

"मग काय! सोफा ओट्यावर होता. ओट्याशेजारी खड्डा होता. साखळी बांधून पिकअपने ओढून पाहिलं, हलेना. मग मी जाऊन शाळेची बस आणली."

लायल डोळे विस्फारून बघायला लागला.

"असा नको बघूस. सुट्टी होती शाळेला. पोरं नव्हती आत. पहिल्या गियरमध्ये घातली, एकच हिसका दिला, आणि सोफा घसरून खड्ड्यात बसला. बैठक झाली ओली. दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं गोट्यांवर बुडं घासत खाली आली, पण सॅलड संपलं. मेळावा झाला की परत ओढून वर ठेवू, असं ठरलं होतं. पण खाली ओढणं सोपं असतं, लायल. वर चढवायला बस पुरत नाही."

"आणि क्लबात कुणालाच...?"

"त्याआधी क्लबात चौघंच होते. दोघं वारले. एक फ्लोरिडाला गेला, तोही वारल्यातच जमा. चौथा व्हर्न. क्लिफर्ड आला एक्क्याण्णवला. त्याने हीच नदी पाहिली, त्याला वाटलं अशीच असते." त्यांनी ओला मोजा मांडीवर सपाट केला. "व्हर्नला फार लागून राहिलं होतं ते. दरवर्षी म्हणायचा, यंदा सांगतो सगळ्यांना. पण सांगायचं म्हणजे बसचंही सांगायचं, आणि माझी नोकरी जायची. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात सारखा म्हणायचा, नोरीन, सोफा चुकीच्या जागी आहे. नर्स बिचारीने खोलीतला सोफा दोनदा सरकवला."

त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तो रोज या नदीचं सांगायचा मला. हिरवं पाणी, किसणीवरच्या लाटा. तेव्हा तिचं नाव किसणी नव्हतं रे. मला वाटायचं, पुरुष माणूस, फुगवून सांगतोय. आज पाहिली. जशी सांगायचा तशीच आहे. माझ्या बटाट्यांपायी तीस-पस्तीस वर्षं त्याने ती गोट्यांवरून ओढली, आणि एका शब्दाने मला बोलला नाही."

लायलने खिशातला रुमाल काढला, तो नदीइतकाच ओला होता, आणि तरीही नोरीनबाईंनी तो घेतला.

"म्हणजे आता," थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "सोफा बरोबर जागी आहे?"

"देवाने ठेवला होता तिथे. दीड फूट म्हणालास ना? दीडच होता."

"मग सांगूया आपण सगळ्यांना? दोघं मिळून?"

नोरीनबाईंनी उत्तर द्यायच्या आत शिट्टी वाजली. क्लिफर्ड एका उलट्या कयाकवर उभा राहिला होता. डोक्यावरून अजून पाणी ठिबकत होतं, पण आवाजात पोस्टमास्तर परतला होता.

"मंडळी! आजचं पाणी तुम्ही पाहिलंत. इतक्या वर्षांत असं पाणी नाही पाहिलं! आणि हे आपल्याला कुणी सांगितलं? सोफ्याने! व्हर्नने ठेवला तिथून हा दगड तसूभर हललेला नाही, म्हणून हे शक्य झालं!" टाळ्या. "तेव्हा मी ठराव मांडतो. जो कुणी सोफ्याला हात लावेल, हलवेल, किंवा हलवायचा विचारही करेल, त्याला क्लबातून जन्मभरासाठी काढून टाकण्यात यावं. लागू आजपासून, आणि मागच्या सगळ्या वर्षांनाही! ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावा!"

सगळ्यात आधी हात वर केला तो नोरीनबाईंनी. आणि दुसऱ्या हाताने त्यांनी, समोर बघत बघत, लायलचं कोपर खालून वर ढकललं.